सोयाबीन: पेरायचं वेगळं, विकायचं-खायचं वेगळं (पहिल्यांदाच खरीप करणाऱ्यांसाठी)

मे महिना लागला की आमच्या लातूरकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा बहुधा नवखा असतो. कुणी नोकरी सोडून गावी आलेला, कुणाच्या वाटणीला नुकतीच जमीन आलेली. "मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) सोयाबीनला हा भाव, आणि कृषी सेवा केंद्रात तेच पिशवीत घातलं की दुपटीहून महाग. मग मोंढ्यातूनच दोन कट्टे उचलून पेरले तर बिघडलं काय?"

कधी कधी काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच हा सल्ला पारावर फिरत राहतो. पण ज्या वर्षी बिघडतं त्या वर्षी पेरणीचा खर्च, पहिल्या पावसाची ओल आणि हंगामातले दहा-बारा मोलाचे दिवस असं सगळं जातं. उलट दिशेनेही एक चूक होते आणि ती जास्त धोक्याची आहे: पेरून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं विकायला किंवा दळायला जाणं. दोन्हींबद्दल क्रमाने सांगतो.

1. फरक नेमका कुठे आहे, ते आधी समजून घ्या

सोयाबीन हे स्वपरागीत (स्वतःच्याच परागावर दाणा धरणारं) पीक आहे. कपाशीसारखं दरवर्षी नवं संकरित बी आणावं लागत नाही. जेएस 335 हा वाण पेरला तर जेएस 335च येतं, फुले संगम पेरलं तर फुले संगमच. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला आपल्या देशात परवानगीच नाही, त्यामुळे तीही शंका नको. म्हणजे मोंढ्यातला दाणा आणि पिशवीतला दाणा एकाच वाणाचे असू शकतात. फरक पडतो तो सोंगणीपासून (कापणीपासून) पेरणीपर्यंत त्या दाण्याला कसं वागवलं गेलं याने.

मोंढ्यात येणारं बहुतेक सोयाबीन तेलाच्या प्लांटला जातं. तिथे 10-2-2 हा हिशोब चालतो: ओलावा 10 टक्के, माती-कचरा 2 टक्के, डागी दाणा 2 टक्के. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे. 2024च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. दाणा जिवंत आहे का, हे या सगळ्या व्यवहारात कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही. मेलेल्या दाण्यातूनही तेल निघतं आणि पेंडही होते.

पेरणीला मात्र तोच एक प्रश्न महत्त्वाचा. आणि सोयाबीन या बाबतीत फार नाजूक. दाण्याचं टरफल पातळ असतं, आणि पुढे ज्याचं मूळ होणार तो कोंब डोळ्याजवळ (दाण्याच्या कडेवरच्या ठिपक्याजवळ) अगदी टरफलाला लागूनच असतो. मळणी यंत्राचा फटका बसला की दाणा बाहेरून गोल, पिवळा, चकचकीत दिसतो आणि आत कोंब दुखावलेला असतो. त्यात दाण्यात 20 टक्क्यांच्या आसपास तेल. तेलबियांची उगवण लवकर उतरते. गहू-ज्वारीचं दोन वर्षांपूर्वीचं बी उगवून येईल, सोयाबीनचं येईल या भरवशावर कुणी पेरू नये.

2020चं उदाहरण अजून लोकांच्या लक्षात आहे. 2019च्या ऑक्टोबरात ऐन सोंगणीत पाऊस लागला, शेतातल्या गंजी (सोंगून रचलेले ढीग) भिजल्या, आणि पुढच्या जूनमध्ये न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींचा राज्यभर ढीग पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्यात पिशवीतलं, टॅग लावलेलं बियाणंही होतं. तेव्हा पिशवीवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. तपासा, एवढंच म्हणेन.

2. काय काय जवळ लागेल

साहित्य घरातलंच आहे: धुतलेली गोणपाटं, वही-पेन, छोटा वजनकाटा, एक-दोन कुंड्या किंवा ट्रे. बीजप्रक्रियेसाठी हातमोजे, तोंडाला मास्क आणि जाड प्लास्टिकचा कागद किंवा बीजप्रक्रियेचा ड्रम. ओलावामापक विकत घ्यायची गरज नाही. तो आडत्याकडे असतो, ओळखीने मूठभर दाणे मोजून मिळतात.

कागदपत्रांत सातबारा, आधार, बँक पासबुक. अनुदानावरचं बियाणं हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो आधीच काढून ठेवा, जूनमध्ये ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर रांग असते.

3. बियाणं कुठून घ्यायचं

वाटा तीन आहेत. पिशवी, घरचं, आणि माहितीतल्या शेतकऱ्याकडचं. मोंढा ही चौथी वाट धरू नका.

*पिशवी घेताना टॅग वाचा.* पैदासकार (मूळ) बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला (त्यापासून वाढवलेल्याला) पांढरा आणि प्रमाणितला निळा टॅग असतो. फक्त हिरवा टॅग असेल तर ते सत्यप्रत बियाणं, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं नाही. दर्जाची हमी कंपनीची स्वतःची. सत्यप्रत म्हणजे वाईटच असं नाही, पण निळा आणि हिरवा एकाच भावात मिळत असतील तर निळा घ्या. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के, शुद्धता 98 टक्के आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा लागतो. टॅगवर लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. तारीख वाचायला दुकानात कंटाळा करू नका. गर्दीच्या दिवशी दुकानदार हात लागेल ती पिशवी देतो.

दुकानातून निघताना तीन गोष्टी: पक्कं बिल (त्यावर वाण, लॉट नंबर आणि कंपनी लिहिलेली), पिशवी शिवलेली आणि टॅग जागेवर. "बिल नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो सोयरा का असेना. पेरायच्या दिवशी पिशवी खालच्या बाजूने फोडायची, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतात. मूठ-दोन मूठ बी त्याच पिशवीत ठेवून पिशवी टांगून द्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

*घरचं बियाणं.* गेल्या वर्षी प्रमाणित बियाणं पेरलं असेल तर त्यातून आलेलं सोयाबीन पुढची दोन वर्षं बियाणं म्हणून वापरता येतं. तिसऱ्या वर्षी पिशवी बदला. कृषी विभाग दरवर्षी हेच कानीकपाळी ओरडतो आणि त्यांचं बरोबर आहे.

*गावातल्या शेतकऱ्याकडून.* 2001च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचा हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने पिशवीबंद करून विकता येत नाही. नवख्या माणसाला ही वाट बऱ्याचदा सर्वांत स्वस्त आणि चांगली ठरते. अट एकच, त्याला चार प्रश्न विचारायचे. मूळ बियाणं कधीचं आणि कोणत्या वाणाचं? सोंगणीनंतर गंज भिजली होती का? मळणी कोणत्या यंत्रावर झाली? कट्टे कुठे आणि कसे ठेवलेत? उत्तरं देताना तो घुटमळला तर चहा पिऊन परत या.

मोंढ्यातल्या मालाला हे चार प्रश्न विचारताच येत नाहीत. एका ढिगात दहा जणांचं सोयाबीन असतं. लवकर येणारा वाण आणि उशिरा येणारा वाण एकत्र पेरले गेले तर अर्ध्या शेंगा तडकत असताना अर्धं रान हिरवं राहतं. शिवाय माल किती जुना आहे हेही कळत नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांवर गेल्यापासून माल धरून ठेवायची सवय अनेकांना लागली आहे, त्यामुळे मोंढ्यातलं सोयाबीन मागच्या हंगामाचंच असेल असं नाही.

4. घरचं राखायचं तर काम ऑगस्टपासून सुरू होतं

ऑक्टोबरात सगळा माल घरात आल्यावर "यातलं दोन क्विंटल बियाण्याला ठेवू" असं ठरवणारे खूप. तोवर उशीर झालेला असतो.

पीक फुलावर असताना शेताचा एक चांगला तुकडा बियाण्यासाठी राखून ठेवा. बांधाकडचा, पाणी साचणारा, पिवळा पडलेला नको. त्यातून फिरताना वेगळ्या रंगाचं फूल, वेगळी उंची, वेगळं पान दिसलं की झाड उपटून टाका. पिवळ्या मोझॅकची (पानं पिवळी पडणाऱ्या रोगाची) झाडंही काढा. शेंगा पिकल्यावर आणखी एक फेरी मारा. शेंगेचा रंग आणि तिच्यावरची लव पाहून परका वाण लगेच ओळखू येतो.

त्या तुकड्याची सोंगणी शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्याबरोबर करा. पावसाचा अंदाज असेल तर आधी हाच तुकडा काढा, बाकीचं रान थांबेल. भिजलेली गंज सुकवून विकता येते, पेरता येत नाही.

मळणी हा सगळ्यात अवघड भाग, कारण तिथे तुमचं चालत नाही. मळणी यंत्रवाल्याला पोत्यावर पैसे मिळतात, त्याला घाई असते. बियाण्यासाठी यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400च्या आसपास ठेवायला हवेत आणि दाण्यात ओलावा साधारण 13-14 टक्के असावा. फार वाळलेला दाणा फुटतो, ओला दाणा चेचला जातो. मशीनवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून घ्या: बियाण्याचं शेवटी करू, वेग कमी ठेव, पोत्यामागे वर पैसे देतो. मळणी सुरू झाली की पहिली घमेली भरल्यावर ती घमेली हातात घ्या आणि मूठभर दाणे तळहातावर पसरा. डाळ झालेले, टरफल गेलेले, डोळ्याजवळ बारीक चीर असलेले दाणे मोजा. जास्त दिसले तर तिथेच थांबवा. यंत्रवाला कुरकुरेल, तरी थांबवा.

मूठभर दाणे पाच-सात मिनिटं साध्या पाण्यात टाकूनही अंदाज येतो. चीर गेलेले दाणे चटकन पाणी ओढून फुगतात, धड दाणे तेवढ्या वेळात तसे फुगत नाहीत. शंभरात दहापेक्षा जास्त फुगले तर तो माल बियाण्याला ठेवण्यात अर्थ नाही, मोंढ्यात घाला.

पुढचं सोपं आहे. पातळ थरात वाळवा, ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आणा, चाळणी मारून डाळ आणि बारीक दाणा काढा. ज्यूटच्या पोत्यात भरा, प्लास्टिकच्या खताच्या पोत्यात नको. फळीवर ठेवा, भिंतीला लावू नका, चार-पाच पोत्यांपेक्षा उंच थप्पी रचू नका. हमालाला सांगा की पोतं आपटायचं नाही. सोयाबीनचं पोतं खांद्यावरून खाली सोडलं की तळाच्या दाण्यांची उगवण तिथेच कमी होते. खत, कीटकनाशक आणि बियाणं एका खोलीत नको. पोत्यावर वाणाचं नाव ठळक लिहा, एप्रिलमध्ये आठवत नाही.

5. उगवण तपासणी: ही पायरी कुणीही गाळू नये

पिशवी असो, घरचं असो, शेजाऱ्याचं असो, पेरणीआधी तपासणी करायचीच. एकदा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे कमी निघाली तर दुसरं बियाणं शोधायला वेळ राहतो. दुसऱ्यांदा पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी, बीजप्रक्रियेच्या अगोदर.

नमुना काढताना लोक चुकतात. वरच्या वर मूठ भरू नका. प्रत्येक पोत्यात हात घालून वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं घ्या, एकत्र कालवा, आणि त्यातून न निवडता शंभर दाणे मोजा. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो, तो आवरा. फुटका दाणा आला तर तोही घ्या, कारण पेरताना तोही नळ्यातून जाणारच आहे.

स्वच्छ धुतलेलं गोणपाट ओलं करून पिळा, पसरा, त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे बोटभर अंतराने मांडा. वर दुसरं ओलं गोणपाट टाका आणि हळुवार गुंडाळी करा. सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. ओलं राहिलं पाहिजे, निथळता कामा नये. पाणी जास्त झालं की चांगला दाणाही कुजतो आणि निकाल खोटा येतो. असे तीन किंवा चार संच लावा आणि सरासरी काढा. एका शंभरावर निकाल देऊ नका.

सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. आता मोजणी. नुसता मोड दिसला की "उगवला" म्हणून मोजायचा नाही. मूळ सरळ आणि लांब आहे, देठ धड आहे, दोन्ही दलं (दाण्याचे दोन अर्धे भाग) शाबूत आहेत, असाच कोंब मोजायचा. मूळ तुटून बुटकं राहिलेलं, देठाला वेटोळं पडलेलं, दलं काळी पडून गळलेली, ही रोपं गोणपाटावर उगवलेली दिसतात. जमिनीत चार सेंटिमीटर माती ढकलून ती वर येत नाहीत. सोयाबीनला तर दोन्ही दलं डोक्यावर घेऊन वर यावं लागतं. म्हणून घरी 80 टक्के मोजणाऱ्याच्या शेतात साठच झाडं दिसतात आणि मग तो पावसाला दोष देतो.

माझा आग्रह असा की गोणपाटाबरोबर एका कुंडीत शेतातलीच माती घालून शंभर दाणे तीन-चार सेंटिमीटर खोल लावून पाहा. गोणपाटाचा आणि कुंडीचा आकडा जवळपास असेल तर बियाणं दमदार. गोणपाटावर 75 आणि कुंडीत 55 असेल तर ते बियाणं थकलेलं आहे, पावसाने ताण दिला की मान टाकेल.

गोंधळ वाटला तर नमुना बीज परीक्षण प्रयोगशाळेला पाठवा. शासनाच्या अशा प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. तालुका कृषी कार्यालयात पद्धत आणि फी समजते. मे अखेर पाठवू नका, तिथेही तेव्हा ढीग असतो.

6. एकरी किती पेरायचं

उगवण 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो. 70च्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा: 68ला 31 किलो, 65ला साडेबत्तीस, 60ला 35. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं सोडून द्या; जास्त टाकून भरून निघत नाही, कारण उगवलेलीही झाडं अशक्तच येतात.

हे 30 किलो कुठून आले ते कळलं तर पुढे हिशोब स्वतः करता येतो. दोन ओळींत 45 आणि दोन झाडांत 5 सेंटिमीटर धरलं तर एकरात सुमारे 1 लाख 80 हजार झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असेल तर 30 किलोत अडीच लाख दाणे. त्यांचे 70 टक्के म्हणजे पावणेदोन लाख. जमलं. आता तुमचा वाण बारीक दाण्याचा असेल, शंभर दाणे 10 ग्रॅमचे, तर त्याच 30 किलोत तीन लाख दाणे होतात आणि रान दाट होऊन झाडं नुसती उंच जातात. उगवण 85 टक्के निघाली तरी हट्टाने 30 किलोच टाकणारे आहेत. एवढं महागाचं बी कशाला वाया घालवायचं? शंभर दाणे मोजून झालेच आहेत, तर ते काट्यावर ठेवून वजनही लिहून ठेवा.

7. बीजप्रक्रिया, आणि इथून परतीची वाट नाही

पेरणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी, लागेल तेवढ्यालाच करा. क्रम ठरलेला: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्सिन-थायरम मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, खोडमाशीसाठी थायामिथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली, आणि ते सुकल्यावर रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी 10 किलोला 250 ग्रॅम. रायझोबियमच्या पाकिटावर "सोयाबीनसाठी" लिहिलेलं पाहून घ्या, तुरीचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. पिशवीतल्या बियाण्याला आधीच औषध लावलेलं असेल तर पुन्हा तेच लावू नका. पिशवीवर लिहिलेलं असतं.

पाणी अगदी कमी वापरा. ज्वारीसारखं भिजवून चोळायला गेलात की सोयाबीनचं टरफल ओल्या कागदासारखं सुटून हातात येतं. ड्रममध्ये हळू फिरवा, नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची दोन टोकं दोघांनी धरून इकडून तिकडे झुलवा. मग सावलीत सुकवा.

औषध लागल्याबरोबर ते सोयाबीन खाण्याच्या यादीतून कायमचं बाद होतं. माणसाला नाही, जनावराला नाही, कोंबड्यांना नाही, तेलघाण्याला नाही. बियाणे नियमांत म्हणूनच औषध लावलेल्या पिशवीवर ते अन्न, पशुखाद्य किंवा तेलासाठी वापरू नये असा इशारा छापायची सक्ती आहे. कंपनीच्या बियाण्याला गुलाबी-लाल रंग असतो, त्यामुळे ओळखू येतं. खरा धोका घरी लावलेल्या औषधाचा. रंग फिका बसतो, पंधरा दिवसांनी पाहिलं तर साधं सोयाबीनच वाटतं, आणि घरातलं कुणीतरी ते गोठ्यात किंवा दळणात टाकतं. धुतलं म्हणून औषध जात नाही. आंतरप्रवाही औषध दाण्यात शिरलेलं असतं. उरलंच तर पोत्यावर "औषध लावलेले" असं मोठ्या अक्षरात लिहून कुलपात ठेवा आणि नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरायला वापरा. तरीही उरलं तर विहीर-ओढ्यापासून लांब खड्ड्यात पुरा. रिकाम्या पिशव्या धान्याला वापरू नका.

8. पेरणी

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय तिफण (पेरणीचं अवजार) काढू नका. खोली 3 ते 4 सेंटिमीटर, पाचच्या पुढे नको. ट्रॅक्टरवाला सहज सात-आठ सेंटिमीटरवर टाकून जातो, म्हणून पहिल्या दोन ओळी पेरून झाल्या की खाली बसून माती उकरून स्वतः मोजा. चांगलं बियाणं खोल पडल्यामुळे न उगवल्याची तक्रार पंचनाम्यात टिकत नाही.

9. उगवलंच नाही तर

आठ-दहा दिवसांत रान भरलेलं दिसलं नाही तर लगेच वखर घालून दुबार पेरणीला लागू नका. आधी माती उकरून पाहा. दाणा मिळाला आणि तो कुजलेला, मऊ असेल तर संशय बियाण्यावर. कोंब फुटून वाकडा होऊन मातीच्या कडक पापडीखाली अडकला असेल तर कारण जमिनीत. दाणाच नसेल तर पाखरं, खारी किंवा पेरणी यंत्राची तुंबलेली नळी.

बियाण्याचाच दोष वाटला तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबत बिल, टॅगचा फोटो, लॉट नंबर, गट नंबर आणि पेरणीची तारीख. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. तोपर्यंत निदान एक मोठा पट्टा तसाच ठेवा; सगळं मोडून पेरलं तर समितीला पाहायला काही उरत नाही. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, ग्राहक आयोगात जायचं झालं तर तिच्यावरच सगळं उभं राहतं. मोंढ्यातून आणलेल्या सोयाबीनची अशी तक्रार कुठेच करता येत नाही. ते धान्य म्हणून विकलेलं असतं आणि धान्य म्हणून त्यात खोट नसते.

10. खायला कोणतं

घरचं औषध न लावलेलं, बुरशी नसलेलं सोयाबीन खायला उत्तम. उगवण 40 टक्के निघाली म्हणून टाकून देऊ नका, खाण्याला त्याने काही फरक पडत नाही. कृषी सेवा केंद्रातल्या पिशवीतलं मात्र कधीही खाऊ नका, पांढरं-पिवळं दिसलं तरी.

शहरातले गच्चीवर बाग करणारे विचारतात की किराण्यातलं सोयाबीन कुंडीत लावलं तर? लावा की. वीस दाण्यांतले दहा उगवले तरी हौस भागते. फक्त अख्खं, टरफलासकट असलेलं घ्या.

शेवटची अडचण स्वयंपाकघरातली. कच्चं सोयाबीन तसंच गव्हात मिसळून गिरणीत देणारी घरं खूप आहेत, आणि मग पोट बिघडलं की सोयाबीन "उष्ण" ठरतं. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन-रोधक घटक असतो, तो प्रथिनं पचू देत नाही, आणि उष्णतेनेच निष्प्रभ होतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने त्या घटकाचा मुख्य प्रकार नसलेला एनआरसी 127 हा वाण काढला आहे, पण तुमच्या पोत्यात तो असण्याची शक्यता कमी. म्हणून दाणे निवडून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, पाणी ओतून द्या, कडक वाळवा आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने दळा. उसळ करायची तर रात्रभर भिजवून ते पाणी टाकून कुकरमध्ये नीट शिजवा. पीठ एका वेळी दोन-तीन आठवड्यांपुरतंच दळून आणा, तेलामुळे त्याला लवकर खवट वास लागतो.